रोज नवीन आयडिया काढायची सवय – कोणी लावलीय का?

वनाज_ते_रामवाडी (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचं डोक्यात होतं. अमेरिकेत एका लेखक-गुंतवणूकदाराने रोज दहा आयडिया लिहायची पद्धत लोकप्रिय केलीय, तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेलच. त्याचं म्हणणं असं की आयडिया सुचणं हा मेंदूतला एक स्नायू आहे, वापरला नाही तर सुकतो, म्हणून रोज दहा लिहायच्या, विषय कुठलाही चालेल, चांगल्या-वाईटाची फिकीर करायची नाही, फक्त दहा झाल्याशिवाय उठायचं नाही.

मी हे मेट्रोत करतो. वनाजला बसलो की मोबाईल काढायचा आणि लिहायला लागायचं. नळ स्टॉपपर्यंत तीन सहज होतात, सिव्हिल कोर्टला कशाबशा पाच, आणि त्यानंतर पार येरवड्यापर्यंत मी नुसता खिडकीबाहेर बघत असतो. काल जुनी यादी वाचायला घेतली तर निम्म्या आयडिया 'अमुकसाठी ॲप' आणि उरलेल्या 'तमुकचं यूट्यूब चॅनेल'. एक 'मिसळीचं आइस्क्रीम' पण आहे, ती मी कोणत्या मनःस्थितीत लिहिली देव जाणे.

तर विचारायचं असं की कोणी ही किंवा असली दुसरी सवय टिकवलीय का, आणि टिकवली असेल तर कशी? संख्या धरायची की दर्जा? वेळ कुठली? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, लिहिलेल्याचं पुढे करायचं काय? आयटीत आहे, धंदा वगैरे काढायचा नाहीये, पण डोकं रोज ऑफिसातल्या त्याच त्या तक्रारींच्या टिकिटांभोवती फिरून बोथट झालंय असं वाटतं.

खडूस_नारायणपेठी (सोमवार, रात्री ११:०२)

रोज दहा म्हणजे वर्षाला तीन हजार सहाशे पन्नास. पुण्यात ॲप काढणारे आधीच तेवढे आहेत. घरातला गळका नळ कुठला ते बघा आणि तो दुरुस्त करा, त्याला आयडिया लागत नाही, पाना लागतो.

सोनचाफा (सोमवार, रात्री ११:१५)

खडूसकाका आले म्हणजे धागा चालणार हाहा. वाचतेय.

पेठेतली_मास्तरीण (मंगळवार, सकाळी ६:५०)

वनाज, सिव्हिल कोर्टनंतर तुम्ही जे अडकता ना, खरा खेळ तिथेच सुरू होतो, आणि हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीये.

मी सातवी-आठवीला शिकवते. ऑफ तास मिळाला की मुलांना एक खेळ देते, एक साधी वस्तू घ्यायची, वीट म्हणा किंवा फुटलेली बादली, आणि तिचे जमतील तेवढे उपयोग लिहायचे. हा खेळ माझा नाही हं, गिलफर्ड नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते त्यांची ही चाचणी. दरवर्षी एकच गंमत होते. विटेला पहिली चार-पाच उत्तरं सगळ्या वर्गाची सारखीच, भिंत, घर, क्रिकेटचा स्टंप, दाराला अडकण, चूल. मग शांतता. मग कोणीतरी "बाई संपलं" म्हणतं. त्यावेळी मी काहीच करत नाही, खिडकीशी जाऊन उभी राहते. आणि मग हळूहळू यायला लागतं, की वीट किसून रांगोळीला रंग, वीट तापवून फडक्यात गुंडाळून आजीच्या गुडघ्याला शेक, विटेवर विठोबा (हे एका मुलीने लिहिलं होतं, मी पूर्ण मार्क दिले!!), भिजवलेली वीट माठाखाली ठेवायची.

गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ सालीच हे नोंदवून ठेवलंय की अशा यादीत जसजसं पुढे जावं तसतशी उत्तरं जास्त वेगळी येतात. सुरुवातीची आठवणीतून येतात, ती सगळ्यांचीच असतात, ती संपल्यावर मग जोडाजोड करावी लागते. आणि २०२० साली ल्यूकस आणि नॉर्डग्रेन या दोघांचा एक अभ्यास आला त्यात तर आणखी मजा आहे, लोकांना आधी विचारलं की वेळ जाईल तसं तुमचं सुचणं कमी होईल का वाढेल, तर बहुतेकांना वाटत होतं कमी होईल, आणि प्रत्यक्षात ते तेवढंच राहिलं किंवा वाढलं. म्हणजे आपण संपलो असं आपल्याला वाटतं तेव्हा आपण संपलेलो नसतो, नुसतं जड जायला लागलेलं असतं.

तेव्हा माझं मत, दहाचा आकडा ठेवा, पण पहिल्या पाच मोजू नका.

वनाज_ते_रामवाडी (मंगळवार, सकाळी ८:३१)

मॅडम हे भारी आहे. म्हणजे येरवड्यापर्यंत खिडकीबाहेर बघणं हा कामाचाच भाग झाला!

हिशेबी (मंगळवार, सकाळी ९:४५)

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नये. मी सीए आहे, आयडियावाले लोक रोज भेटतात. आयडियेला किंमत शून्य. ज्याला रोज दहा सुचतात तो एकही करत नाही हा माझा अनुभव आहे, कारण अकरावी जास्त चमकदार दिसते. आणि ते स्नायू-बिय्यू मला पटत नाही. दंड मारले की दंड भरतो हे मोजता येतं, मेंदू म्हणजे काय बायसेप्स आहे का? रोज दहा आयडिया लिहिणारा माणूस दहा आयडिया लिहिण्यात पटाईत होतो एवढंच सिद्ध होतं.

टेकडीवाला (मंगळवार, सकाळी १०:२०)

हिशेबी, मग एडिसनचं काय करणार? त्याने मेन्लो पार्कला प्रयोगशाळा काढली तेव्हा जाहीरच केलं होतं की दर दहा दिवसांना एक छोटा शोध आणि दर सहा महिन्यांना एक मोठा. कोटाच होता तो. शेवटी नावावर एक हजार त्र्याण्णव अमेरिकन पेटंट. त्यातली बरीच आज कोणाला आठवतही नाहीत, पण जी आठवतात ती त्या ढिगातूनच आली ना.

हिशेबी (मंगळवार, सकाळी १०:३३)

एडिसनचा कोटा आयडियांचा नव्हता, शोधांचा होता. म्हणजे करून दाखवलेल्या गोष्टींचा. आणि त्याच्याकडे पगारी माणसं, वर्कशॉप, सगळं होतं. माझाच मुद्दा तुम्ही मांडलात, आभारी आहे.

टेकडीवाला (मंगळवार, सकाळी १०:४१)

च्यायला, हे बरोबर आहे.

पेठेतली_मास्तरीण (मंगळवार, दुपारी १:१०)

डबा खाता खाता लिहितेय. लायनस पॉलिंग घ्या, दोन नोबेल, १९५४ चं रसायनशास्त्राचं आणि १९६२ चं शांततेचं. चांगली कल्पना हवी तर भरपूर कल्पना हव्यात या मताचा माणूस. १९४८ साली ऑक्सफर्डला होते, सर्दीने अंथरुणात पडलेले, रहस्यकथा वाचून कंटाळा आला तेव्हा कागदावर प्रथिनाच्या साखळीचं चित्र काढून त्याच्या घड्या घालत बसले, त्यातून पुढे अल्फा हेलिक्सचा, म्हणजे प्रथिनाच्या मळसूत्री आकाराचा शोध लागला. आणि त्याच माणसाने १९५३ च्या सुरुवातीला डीएनएची रचना मांडली ती तीन पदरी, साफ चुकीची. दोनच महिन्यांत वॉटसन आणि क्रिकने दोन पदरी दाखवली.

मला यातून दिसतं ते असं की भरपूर सुचणं आणि त्यातलं टाकायचं काय हे कळणं ही दोन वेगळी कामं आहेत. पॉलिंगना पहिलं कायमच जमायचं, दुसरं त्यावेळी घाईत राहून गेलं. हिशेबी म्हणतात ते दुसऱ्या कामाबद्दल आहे, वनाज विचारतात ते पहिल्याबद्दल. दोन्ही एका बैठकीत केली तर पहिलं मरतं, हा वर्गातला अनुभव आहे, एक मूल जरी दुसऱ्याच्या उत्तराला फिदीफिदी हसलं तरी बाकीच्यांची पेनं थांबतात.

निवांत_पाषाण (मंगळवार, दुपारी २:०५)

एवढं कशाला करायचं, चॅटबॉटला सांगा, शंभर देईल एका मिनिटात.

सोनचाफा (मंगळवार, दुपारी २:३०)

देतो की, मी विचारलं होतं लेकीच्या वाढदिवसाच्या थीमसाठी, जंगल, अंतराळ, जलपरी. मग सोसायटीतल्या दुसऱ्या आईने विचारलं तर तिलाही जंगल, अंतराळ, जलपरी. जुलैत लागोपाठ दोन जलपऱ्या झाल्या आमच्याकडे.

पेठेतली_मास्तरीण (मंगळवार, दुपारी ३:१५)

सोनचाफा, तुझ्या जलपऱ्यांवर चक्क पेपर आहे. २०२४ साली दोन संशोधकांनी लोकांना छोट्या गोष्टी लिहायला लावल्या, काहींना मशीनकडून कल्पना घ्यायची मुभा दिली. ज्यांनी घेतल्या त्यांच्या गोष्टी सुट्या सुट्या वाचल्या तर जास्त सरस ठरल्या, पण सगळ्या एकत्र ठेवल्यावर त्या एकमेकींसारख्या जास्त निघाल्या. मी मुलांना सांगते, आधी आपलं लिहून संपवा, मग त्याला विचारा, आणि त्याने दिलेलं आपल्या यादीत असेल तर ते खोडा.

टेकडीवाला (मंगळवार, संध्याकाळी ७:४०)

माझी सवय सांगतो, वहीबिही नाही. सकाळी वेताळ टेकडी. एआरएआयच्या बाजूने चढायचं, खाणीपर्यंत जायचं, परत. घरातून निघताना एकच प्रश्न डोक्यात घ्यायचा, तो पण नीट वाक्य करून, आणि मग त्याच्याबद्दल मुद्दाम विचार करायचा नाही. काही सुचलं की फोनवर बोलून ठेवायचं. लोकांना वाटतं हा माणूस मोरांशी बोलतो. वाटू दे.

याला शास्त्र आहे बरं का. स्टॅनफर्डच्या ओपेझो आणि श्वार्ट्झ या दोघांनी २०१४ साली प्रयोग छापले, चालताना लोकांना असे वेगवेगळे उपयोग सुचण्याचं प्रमाण बसून असण्यापेक्षा सरासरी साठ टक्क्यांनी वाढलं. आणि गंमत म्हणजे ट्रेडमिलवर कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चाललं तरी वाढलं, म्हणजे झाडी, हवा, मोर हे बोनस, पाय हलणं महत्त्वाचं. मात्र एकच बरोबर उत्तर शोधायचं असेल अशा कोड्यात चालण्याचा फायदा झाला नाही, उलट किंचित तोटाच. म्हणून इन्कमटॅक्सचं गणित टेकडीवर नेऊ नये.

बसबद्दल पण आहे. प्वांकारे नावाचा थोर फ्रेंच गणिती एका प्रश्नावर खूप दिवस अडकला होता, मग एका सहलीला गेला, गणित विसरला, आणि घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी उत्तर डोक्यात. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

खडूस_नारायणपेठी (मंगळवार, संध्याकाळी ७:५५)

पीएमपीच्या पायरीवर पाय ठेवताना फक्त दुसरा पाय कुठे ठेवायचा एवढंच सुचतं.

हिशेबी (मंगळवार, रात्री ८:१०)

प्वांकारेच्या गोष्टीत तो आधी बरेच दिवस डोकं आपटत होता हे लोक विसरतात. नुसतं बसच्या पायरीवर चढून काही होत नाही, नाहीतर कंडक्टर लोकांना नोबेल मिळालं असतं.

टेकडीवाला (मंगळवार, रात्री ८:१४)

गणिताला नोबेल नसतं.

भोसरीचा_फिटर (मंगळवार, रात्री ९:३०)

नमस्कार. वाचत होतो, आता लिहितो. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या. भोसरी एमआयडीसीत एका कंपनीत तीस वर्षांच्या वर काढली, आता रिटायर. तुम्ही जे म्हणताय ते आम्ही शॉप फ्लोअरवर कायझेन या नावाने केलेलं आहे, पिंपरी, भोसरी, चाकण, कुठल्याही कारखान्यात जा, भिंतीवर ती शीट दिसेल, डावीकडे आधीचा फोटो, उजवीकडे नंतरचा. मूळ जपान्यांचं, टोयोटात १९५१ पासून कामगारांकडून सूचना घ्यायची पद्धत चालू आहे.

सुरुवातीला आमच्याकडे नुसती पेटी होती, सजेशन बॉक्स. त्यात काय यायचं, कँटीनच्या चहाची तक्रार, पंखा बसवा, आणि एकदा कोणीतरी साहेबांच्या मिश्यांबद्दल कविता टाकली होती. नंतर दर महिन्याला माणशी अमुक कायझेन पाहिजेत असा आकडा आला. मग लोकांनी काय केलं, एकाच आयडियेचे तीन तुकडे करून तीन शीट भरल्या. आकडे भरले, काम काही नाही. म्हणून सांगतो, नुसत्या आकड्याने माणूस आकडा भरायला शिकतो, हिशेबीसाहेब बरोबर बोलतात.

मग एक नवीन सुपरवायझर आले. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे शीटवर डावी बाजू आधी भरायची सक्ती केली. आयडिया नंतर, आधी सांग कुठे अडतंय. कुठे वाकावं लागतं, कुठे थांबावं लागतं, कुठे दोनदा उचलावं लागतं, कुठे चुकतं. आमच्यात एक पोरगा होता, त्याने लिहिलं की पार्टची पेटी जमिनीवर असते, दर पार्टला मी वाकतो. बस, एवढंच. उजवी बाजू मग आपोआपच भरली, पेटी कमरेच्या उंचीला स्टँडवर. भंगारातल्या अँगलचं स्टँड वेल्डिंग करून त्याच शिफ्टला झालं. याला कोणी हुशार आयडिया म्हणणार नाही पण त्या पोराची पाठ वाचली.

दुसरी गोष्ट म्हणजे आठवड्याच्या आत उत्तर. करतोय, किंवा करत नाही, का करत नाही. 'नाही' असं उत्तर आलं तरी लोकांना चालायचं. उत्तरच न येणं चालत नाही. ते सुरू झालं तेव्हापासून शीट मागाव्या लागल्या नाहीत, लोक स्वतःहून द्यायला लागले.

वनाजभाऊ, तुमच्या यादीत डावी बाजू नाही. आणि तुमच्या यादीला उत्तर देणारं कोणी नाही. मला तरी तेवढंच दिसतं.

वनाज_ते_रामवाडी (मंगळवार, रात्री ९:५२)

काका, दोनदा वाचलं. खरंय, मी रोज कोऱ्या स्क्रीनला विचारतो 'आज काय सुचतंय', त्याला उत्तर 'ॲप' हेच येणार.

पेठेतली_मास्तरीण (मंगळवार, रात्री १०:०५)

फिटरकाका, नमस्कार घ्या. यातलं आणखी काही आठवत असेल तर लिहा ना.

भोसरीचा_फिटर (बुधवार, सकाळी ७:२०)

आमच्या ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट सांगायचे ती लिहितो. शिगेओ शिंगो म्हणून जपानी इंजिनियर होते. १९६१ साली ते एका कारखान्यात गेले, तिथे एक छोटा स्विच जोडायचे, त्यात दोन स्प्रिंग घालायच्या. कामगार कधीकधी एक स्प्रिंग विसरायचा. साहेब लोक रोज सांगायचे लक्ष ठेवा, लक्ष ठेवा. शिंगोंनी सांगितलं की आधी दोन स्प्रिंग एका छोट्या ताटलीत काढून ठेवा, मग जोडायला सुरुवात करा. जोडून झाल्यावर ताटलीत स्प्रिंग उरली तर चूक तिथल्या तिथे कळते. पोका-योके म्हणतात त्याला.

मी हे घरी पण लावलंय. बीपीच्या गोळ्या सकाळी वाटीत काढून ठेवतो. रात्री वाटी रिकामी पाहिजे. सौ. आधी हसल्या, आता त्यांची पण वाटी आहे.

सुगरण_डबेवाली (बुधवार, दुपारी ४:१५)

आत्ता डबे परत आले, म्हणून वेळ मिळाला. माझा डब्यांचा छोटासा व्यवसाय आहे, कर्वेनगरला, मुख्यतः एकट्या राहणाऱ्या पोरापोरींसाठी आणि दोन-तीन आजीआजोबा. काकांची डावी बाजू वाचली आणि म्हटलं अरे हे तर मी रोज करते, फक्त त्याला जपानी नाव आहे हे माहीत नव्हतं.

परत आलेला डबा उघडला की कळतं. कोणी काय टाकलं, कोणी काय चाटूनपुसून खाल्लं. ओट्यावर एक वही आहे, त्यात लिहिते, 'दुधी तिघांचा परत', 'आमटी पातळ म्हणून पोळीबरोबर खाता आली नाही', असं. आयडिया तिथून सुरू होते. नुसतं बसून 'नवीन भाजी काय करू' विचारलं तर माझ्या डोक्यात पण पनीरच येतं. पण 'दुधी परत आला' याला निदान सहा उत्तरं आहेत, मुठिया, थालीपिठात किसून, चणाडाळ घालून, कोफ्ते, दुधीची खीर, आणि सालांची चटणी, ही चटणी तर भाजीपेक्षा जास्त खपली.

आणि एक, बंधन पाहिजे. माझे सगळ्यात चांगले पदार्थ चातुर्मासात सुचलेत. दोन आजीआजोबांना कांदा-लसूण-वांगं बंद, म्हणजे कांदेनवमीला पोटभर भजी खाऊन झाली की पुढचे चार महिने माझी परीक्षा. कांदा नाही तर आमटीला दाटपणा कशाने आणायचा? मग दाण्याचं कूट, खोबरं, तीळ, भिजवलेली मुगाची डाळ वाटून, लाल भोपळा शिजवून घोटून. भोपळ्याची ती आमटी आता मी बारा महिने करते, कांदा खाणारे पण मागून घेतात. सगळं खायची मुभा असती तर मी भोपळ्याकडे बघितलंही नसतं.

टेकडीवाला (बुधवार, संध्याकाळी ५:३०)

ताई, रेसिपीचा वेगळा धागा काढा, इथे सगळे भुकेले झालेत.

बंधनावरून अरविंद गुप्ता आठवले. आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ज्यांनी मुलांना नेलंय त्यांना माहीत असेल, कचऱ्यातून खेळणी. तर ते इंजिनियर, इथे टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) होते, १९७८ साली सुट्टी घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या शाळांमधल्या विज्ञान कार्यक्रमात गेले. प्रयोगशाळा नाही, पैसे नाहीत. गावच्या बाजारात मिळणारी सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या, एवढ्यावर त्यांनी जोडाजोडीचं आख्खं शास्त्र उभं केलं. नळीचा तुकडा म्हणजे सांधा, काडी म्हणजे दांडा. तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबा, हलत नाही. चार काड्यांचा चौकोन दाबा, लगेच कलतो. पूल आणि छपराच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात ते पोराला हातात कळतं. भारी किट विकत घ्यायला पैसे असते तर कोण व्हॉल्व्हच्या नळीकडे वळलं असतं.

हिशेबी (बुधवार, रात्री ९:००)

सुगरणताईंची वही मला मान्य आहे. कारण दुसऱ्या दिवशीच्या डब्यात ती खरी-खोटी ठरते. माझा आक्षेप मागे घेत नाही, फक्त थोडा सरकवतो. ज्या यादीतलं किमान एक दुसऱ्या दिवशी करून बघता येईल अशीच यादी करा. बाकी ॲपवाल्या याद्या म्हणजे करमणूक, आणि करमणूक म्हणून करायच्या असतील तर माझी ना नाही.

सोनचाफा (बुधवार, रात्री ९:२५)

पण सवय टिकते कशी ते कोणी सांगितलंच नाही. मी दर एक जानेवारीला अप्पा बळवंत चौकातून सुंदर वही आणते. घरात आता सुंदर वह्यांचं दुकान झालंय.

पेठेतली_मास्तरीण (बुधवार, रात्री ९:५०)

वही जितकी सुंदर तितकी लिहायला भीती जास्त. पाठकोऱ्या कागदांची शिवून घे, त्यात वेडंवाकडं लिहायला काही वाटत नाही.

टिकण्याबद्दल, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी अभ्यास केला होता, शहाण्णव माणसं, प्रत्येकाने एक नवीन गोष्ट रोज ठराविक प्रसंगाला जोडून करायची, म्हणजे न्याहारीनंतर अमुक, जेवणाआधी तमुक. ती अंगवळणी पडायला सरासरी सहासष्ट दिवस लागले, पण कोणाला अठरा तर कोणाला दोनशे चोपन्नपर्यंत लागतील असा हिशेब निघाला. तेव्हा 'एकवीस दिवसांत सवय' वगैरे जे फिरतं ते सोडून दे. आणि तुझ्या कामाचं म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. एक दिवस चुकला की 'गेलं आता' म्हणून वही कपाटात टाकणं, तिथे आपलं बिघडतं. सुगरणताईंचं बघ, डबे परत येतात त्याला वही जोडलेली आहे, तिला वेगळं आठवावं लागत नाही.

वनाज_ते_रामवाडी (गुरुवार, सकाळी ८:४०)

ओके, सगळ्यांचं ऐकून नवीन नियम. रोज एकच प्रश्न, तो आदल्या दिवशी कुठेतरी हात अडकला तिथला. दहा उत्तरं, पहिली पाच मोजायची नाहीत म्हणजे मॅडमच्या हिशेबाने पंधरा झाली की हो! असो. आणि त्यातलं एक दुसऱ्या दिवशी करून बघायचं. आपण इथेच करूया का, काका उत्तर देतील.

आजची डावी बाजू: पावसात दुचाकीवरून कुठेही पोचलो की ओल्या रेनकोटचं काय करायचं. मेट्रो स्टेशनपर्यंत गाडी, पुढे मेट्रोत तो निथळता रेनकोट हातात, शेजारचे लोक लांब सरकतात. डिकीत कोंबला तर संध्याकाळपर्यंत कुबट वास.

हिशेबी (गुरुवार, सकाळी ९:०५)

सगळ्यांनी आधी आपापलं लिहा आणि दुपारी एकदम टाका. येल विद्यापीठाच्या टेलर, बेरी, ब्लॉक यांनी १९५८ सालीच दाखवलंय की चार जण एकत्र बसून ब्रेनस्टॉर्मिंग करतात त्यापेक्षा तेवढेच चार जण वेगवेगळे बसले आणि याद्या एकत्र केल्या तर आयडिया जास्त निघतात. हो, मी पण वाचतो कधीकधी.

सोनचाफा (गुरुवार, दुपारी १:३०)

माझ्या, पाच गाळून: आतून टॉवेलचं कापड लावलेली पिशवी. डिकीत वर्तमानपत्राचे बोळे. रेनकोट उलटा करून घडी, ओली बाजू आत. सीटवरच पसरून वरून सीट कव्हर. शेवटची लेकीची आहे, रेनकोटला शेपूट लावायचं, पाणी शेपटीतून गळेल.

टेकडीवाला (गुरुवार, दुपारी १:४४)

काढण्याआधी अंगावरच जोरात झटकायचा, कुत्रा झटकतो तसा. स्टेशनच्या पार्किंगमध्ये फिरता पंखा. रेनकोटच्या ऐवजी जुन्या काळचं इरलं. दोन रेनकोट, एक कायम वाळत. हँडलच्या दोन आरशांना अडकवून गाडीवरच वाळत टाकायचा, पार्किंगला छप्पर असेल तर.

सुगरण_डबेवाली (गुरुवार, दुपारी ४:२०)

मी डब्यांच्या पिशव्यांसाठी करते ते सांगते, जिन्याखाली दोरी आणि कपड्यांचे चिमटे. तुमच्या ऑफिसच्या पार्किंगला दोरी का नाही बांधत? दहा जणांचे रेनकोट एकदम वाळतील.

भोसरीचा_फिटर (गुरुवार, संध्याकाळी ६:१०)

उत्तर देतो. उलटी घडी, करून बघा, फुकट आहे. पण वास जाणार नाही, पाणी आतच राहतं. आरशांना अडकवणं नको, आरसा सैल होतो, आणि वाऱ्याने रेनकोट सायलेन्सरवर पडला तर जळेल. शेपूट, पोरीला शाबासकी सांगा, खालच्या कडेला पन्हळ शिवली तर खरंच एका जागी गळेल, शिंप्याला दाखवा. दोरी चांगली. वनाजभाऊ उद्या ऑफिसात विचारा आणि इथे सांगा.

वनाज_ते_रामवाडी (शुक्रवार, सकाळी ११:२०)

विचारलं. सिक्युरिटीवाले म्हणाले खिळा ठोकायला ॲडमिनचं पत्र लागेल. ॲडमिन म्हणे सोमवारी बघू. पण टीममधले सात जण तयार आहेत, एकाने घरून चिमटे आणायचं कबूल केलंय.

भोसरीचा_फिटर (शुक्रवार, सकाळी ११:४०)

खिळा कशाला. पार्किंगला खांब असतील ना? दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजा आणि सांगा. खांबालाच वेढा घालून बांधायचं.

वनाज_ते_रामवाडी (शुक्रवार, दुपारी १२:१५)

साधारण पंधरा-सोळा फूट. नायलॉनची दोरी आहे एकाकडे.

खडूस_नारायणपेठी (शुक्रवार, दुपारी १२:३१)

नायलॉन घेऊ नका, सात ओले रेनकोट टाकल्यावर ताणते आणि मधले कोट फरशी पुसतात. रविवार पेठेत बोहरी आळीला जा, प्लास्टिक चढवलेली तार मीटरवर मिळते. एका टोकाला टर्नबकल लावा म्हणजे सैल झाली की पिळून घट्ट करता येते. तार खांबाच्या कडेवर घासते तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. आणि हे तुमच्या दहांमध्ये मोजू नका, मी याद्या करत नाही.